आहे ते भूत, नाही ते भूत

घरात पूजा मांडली की सुरुवातीलाच एक छोटा विधी येतो, तो बहुतेक यजमानांच्या लक्षातही येत नाही. आसनशुद्धीच्या वेळी गुरुजी एक मंत्र म्हणतात. या जागेवर वस्तीला असलेल्या भुतांनी शंकराच्या आज्ञेने इथून निघून जावे, असा त्याचा आशय. डाव्या पायाने तीनदा जमिनीवर आघात करावा, अशी सूचनाही पोथीत असते. याला भूतोत्सारण म्हणतात. पूजा सविस्तर असेल तर लगेच भूतशुद्धी येते. तिच्यात पूजक आपल्याच देहातली पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही तत्त्वे क्रमाने एकमेकांत विरत गेल्याचे चिंतन करतो. ज्यांना नुकतेच घालवून दिले त्यांचे नाव भूत, आणि ज्यांचा आपला देह बनला आहे त्यांचेही नाव भूतच.

मराठी लेखनाने या दोघांत एक बारीकसा भेद केला आहे. पंचमहाभूते दीर्घ लिहिली जातात आणि पिंपळावरची भुते ऱ्हस्व. पण शब्द एकच आहे. भूतकाळात तोच, भूतदयेत तोच, भौतिकशास्त्रातही तोच. जगात जे जे आहे त्याला लावायचा हा शब्द जे मुळात नाहीच त्याचे नाव कसा झाला, हा प्रश्न धर्माचाही आहे आणि तत्त्वज्ञानाचाही.

धातू ‘भू’, म्हणजे होणे, असणे. त्याला ‘क्त’ प्रत्यय लागला की ‘भूत’, म्हणजे झालेले, होऊन गेलेले. पाणिनीने भूतकाळाच्या अर्थाने लागणारे प्रत्यय सांगताना या शब्दाची सप्तमी तेवढी ठेवून अख्खे सूत्र केले आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात हा शब्द दोन अर्थांनी येतो. एकदा ‘जे होऊन गेले’ या अर्थाने, भविष्याच्या जोडीला, आणि लगेच पुढे ‘सारे जीव’ या अर्थाने. भीतीचा त्याला कुठे वासही नाही. विष्णुसहस्रनामाच्या पहिल्याच श्लोकात ‘भूत’ने सुरू होणारी पाच नावे आहेत. ती रोज म्हणणाऱ्या आजीच्या मनात त्या वेळी हडळ येत नाही.

हाच धातू युरोपातल्या भाषांतही नांदतो. ग्रीकमध्ये त्यापासून वाढणे, उगवणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि त्यातून ‘फ्युसिस’, म्हणजे निसर्ग, हा शब्द आला. फिजिक्स त्याच्यापुढचे. त्यामुळे आपण फिजिक्सला भौतिकशास्त्र म्हणतो तेव्हा हजारो वर्षांपूर्वी पांगलेली दोन भावंडे पुन्हा एका घरात येतात.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे ‘भूत’चा एक जुना अर्थ ‘खरे’ असा आहे. जे झाले ते खरे, म्हणून ‘भूतार्थ’ म्हणजे वस्तुस्थिती. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला खरे तेच सांगतो म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी हाच शब्द आहे. जैन आचार्य कुंदकुंदांनी ‘समयसारा’त दोन दृष्टींतला फरक सांगताना शुद्ध दृष्टीला भूतार्थ म्हटले आणि व्यवहाराच्या दृष्टीला अभूतार्थ. बौद्धांच्या पाली ग्रंथांत ‘यथाभूत’ पाहणे म्हणजे गोष्ट जशी आहे तशी पाहणे, आणि मुक्तीची वाट तिथूनच जाते. योगाचार पंथाने तर मनाच्या रचनांना ‘अभूतपरिकल्प’ असे नाव दिले, म्हणजे जे नाही त्याची कल्पना. त्या विचारवंतांच्या भाषेत आजच्या भुताचे वर्णन करायचे तर त्याला ‘अभूत’ म्हणावे लागेल.

मग वळण कुठे लागले?

ते एका दिवसात लागले नाही, आणि ज्या जागी लागले ती जागा भीतीची नव्हती. गृहस्थाने रोज करायच्या पाच महायज्ञांची नावे शतपथ ब्राह्मणापासून सापडतात. त्यातला एक भूतयज्ञ. शिजवलेल्या अन्नातला वाटा घराबाहेरच्या जिवांसाठी काढून ठेवायचा, एवढेच त्याचे रूप. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हा वाटा कोणाकोणाचा ते सांगितले आहे. त्यात कुत्रे, कावळे, किडे आहेत, रोगी माणसे आहेत, आणि समाजाने बाहेर ठेवलेली माणसेही आहेत. ही शेवटची नोंद वाचताना आजच्या वाचकाला टोचावे, कारण माणसाला कुत्र्या-कावळ्यांच्या पंगतीत बसवणारी व्यवस्थाच इथे बोलते आहे. त्याच प्रकरणात दिवसा वावरणाऱ्या भूतांसाठी एक बळी आहे आणि रात्री वावरणाऱ्या भूतांसाठी एक. सारे जीव म्हणून जो शब्द चालत आला, त्याला इथे अंधार भेटला. रात्री वावरणारे जीव दिसत नाहीत, पण त्यांचाही वाटा काढायचा असतो. आजचे भूत या अंधाऱ्या कोपऱ्यातून पुढे आले असावे, असे मानायला जागा आहे. तरी लक्षात ठेवायची गोष्ट ही, की त्या वेळी त्याचे आणि माणसाचे नाते अन्नाचे होते.

पाली परंपरेतल्या रतनसुत्तातही हे नाते दिसते. वैशालीवर दुष्काळ आणि रोगराईचे संकट आले तेव्हा बुद्धांनी ते सांगितले, अशी कथा आहे. सुत्ताचा आरंभच जमलेल्या भूतांना उद्देशून आहे, मग ती जमिनीवरची असोत की अंतराळातली. तुम्ही सारे आनंदी असा, लक्ष देऊन ऐका, आणि रात्रंदिवस तुम्हाला बळी आणून देणाऱ्या माणसांवर माया करा, असे त्यांना सांगितले आहे. त्यांना हाकलायचा मंत्र इथे नाही. त्यांनाही श्रोते म्हणून बसवले आहे.

अमरकोशाने तर त्यांना थेट देवांच्या गोतावळ्यात नेऊन बसवले. विद्याधर, अप्सरा, यक्ष, गंधर्व, सिद्ध अशा दहा देवयोनींच्या यादीत भूतही आहे. गीतेत मात्र दोन्ही अर्थ शेजारीशेजारी नांदतात आणि त्यांच्यातला ताण जाणवतो. बाराव्या अध्यायात खऱ्या भक्ताचे पहिले लक्षण कोणत्याही भूताचा द्वेष न करणे हे आहे, तर सतराव्यात प्रेतांची आणि भूतगणांची पूजा करणाऱ्यांना तामस म्हटले आहे. पहिल्या ठिकाणी भूत म्हणजे कोणताही प्राणी, दुसऱ्या ठिकाणी एक विशिष्ट योनी. शब्दाचे दोन्ही तुकडे एकाच ग्रंथात मावतात, पण त्यांच्याबाबतची शिकवण वेगळी आहे. भूतांची पूजा करू नका आणि भूतांचा द्वेषही करू नका, अशी ती शिकवण आहे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या शब्दाच्या आजूबाजूला एक मोठे कुटुंबच उभे राहिले. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. त्याला नवसाच्या मोठमोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. केळीचे घड वाहायचीही चाल आहे. गोव्यात आमोण्याला आणि काणकोणातल्या लोलयेंला बेताळ ग्रामदेवच आहे. गोव्याच्या गावांत राखणदार म्हणून मानला जाणारा देवचार हा त्याच घरचा. पण ख्रिस्ती कोकणीत ‘देंवचार’ म्हणजे सैतान. गावाचा राखणा आणि गावाचा वैरी ही एकाच नावाची दोन टोके झाली, ती धर्मांतराच्या इतिहासामुळे. खाली कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, तुळुनाडूत, भूतकोला हा विधी होतो, पंजुर्लीसारख्या भूतांना गाव न्याय मागते. 2022 च्या ‘कांतारा’ चित्रपटानंतर ते मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीचे झाले.

या कुटुंबाची इंग्रजी अमदानीत नोंद झाली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुतींची टिपणे जमवली होती. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळ्यांनी ते मारले गेले. ती टिपणे पुढे एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुरी करून प्रसिद्ध केली. कोकणाचा भाग 1915 चा आहे. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या उत्तरांवर तो उभा आहे. त्यात कोण मेल्यावर कोणते भूत होते याची जंत्री आहे. मुंज झाल्यावर सोडमुंजीच्या आत मेलेला ब्राह्मणाचा मुलगा म्हणजे मुंजा. वारस नसलेला, क्रियाकर्म न झालेला ब्राह्मण समंध होतो. लग्नाआधी मेलेला शूद्र चेडा, लग्नाआधी मेलेला क्षत्रिय वीर. बुडून मेला तो गिऱ्हा. मुसलमानाचे भूत खवीस. बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली बाई हडळ, विधवा मेली तर लावसट.

ही जंत्री भुतांची म्हणून वाचली तर करमणूक होते. माणसांची म्हणून वाचली तर वाचवत नाही. बाळंतपणात मेलेल्या बाईला उपचार मिळाले नाहीत, सुईण पोचली नाही, रक्त थांबले नाही. आणि मेल्यावर तिच्याच घरचे तिला भिऊ लागले. तिने पुन्हा घरात येऊ नये म्हणून बंदोबस्त करू लागले. विधवेला जिवंतपणी समोर येऊ दिले नाही आणि मेल्यावरही ती अपशकुनीच राहिली. जात तर मरणानंतरही सुटली नाही, भुतांतही ती लागू झाली. ज्यांचे आयुष्य अर्धे राहिले, ज्यांचे देणे कोणीतरी लागत होते, त्यांचीच भुते झाली. ‘समंध’ हा शब्द ‘संबंध’चाच बोलीतला अवतार आहे. ज्याचा संबंध सुटला नाही तो समंध. ‘होऊन गेलेले’ हा भूतचा मूळ अर्थ इथे आपली खूण दाखवतो. भूत म्हणजे होऊन गेलेले, पण गेलेले नाही असे काही तरी. म्हणून भुताची कल्पना खोटी असली तरी तिच्या मागचे दुःख खोटे नव्हते, आणि त्या दुःखाला जबाबदार माणसे होती, हे कोणत्याही धर्मविचाराने नजरेआड करू नये.

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ या म्हणीत लोकांनीच, भूत येते कुठून, या प्रश्नाचे अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. राहिलेले अर्धे वैद्यांनी दिले.

छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे जातो आणि आपण शिकलेल्या विद्यांची यादी सांगतो, तिच्यात भूतविद्या आहे. पुढे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक भूतविद्याच झाले. तेव्हा प्राचीन वैद्य भुते मानत नव्हते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्यांनी काय लिहिले ते नीट वाचावे. चरकसंहितेच्या निदानस्थानात, उन्मादाच्या सातव्या अध्यायात, चरक सांगतात की देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कोणीही अशा माणसाला पीडत नाही ज्याला आधीच स्वतःची पीडा नाही. रोगाचे खापर देवांवर, पितरांवर किंवा राक्षसांवर फोडू नये, असेही ते तिथेच बजावतात. सुश्रुत उत्तरतंत्राच्या साठाव्या अध्यायात एक पाऊल पुढे टाकतात. हे ग्रह, म्हणजे माणसाला पछाडतात असे मानलेले हे देव-राक्षस, माणसांच्या सहवासात येत नाहीत आणि माणसाच्या अंगात शिरतही नाहीत. शिरतात असे जे अज्ञानाने म्हणतात त्यांना भूतविद्येच्या प्रांतातूनच दूर ठेवावे, असे त्यांचे म्हणणे. ग्रहांचे सेवक शिरतात असे ते पुढे म्हणतात, म्हणजे दार पुरते बंद केलेले नाही. तरी गावातला देवऋषी ‘हिच्या अंगात अमुक शिरलाय’ म्हणून छातीठोकपणे सांगतो, त्याला सुश्रुतांचा आधार घेता येणार नाही.

चरकांच्या उत्तरात एक काटा आहे. पीडेचे मूळ रोग्याच्या स्वतःच्या चुकीच्या वागण्यात, प्रज्ञापराधात आहे, असे ते म्हणतात. भुताला निर्दोष ठरवताना रोगी दोषी ठरतो. मनाचा आजार आज ज्यांना झाला आहे त्यांना हे ऐकवणे क्रूरपणाचे होईल. चरकांकडून घ्यायचे ते इतकेच, की कारण बाहेरच्या अदृश्यात न शोधता माणसात शोधावे.

संतांनी हा शब्द भीतीतून परत आणायचा प्रयत्न केला, आणि मराठीतली ही सर्वांत सुंदर घटना आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी पुरी करताना पसायदान मागितले. त्यात भूतांची एकमेकांशी जिवाभावाची मैत्री व्हावी असे मागणे आहे. या भूतांत दुष्टही येतात, कारण त्यांचे फक्त वाकडेपण जावे असे ते आधीच मागून ठेवतात. वारकऱ्यांच्या बोलण्यात भूतदया हा रोजचा शब्द झाला. तुकोबांनी तर भीतीचीच भाषा उचलली आणि विठ्ठलाला पंढरीचे भूत करून टाकले. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला झडप घालते, तिकडे जाऊ नका, गेलेला परत येत नाही, असा त्या अभंगाचा भाव आहे. तुका तिथे गेला आणि पुन्हा जन्माला आला नाही, असा शेवट. झपाटणे, झडपणे हे सारे शब्द त्यांनी मांत्रिकाच्या झोळीतून काढून भक्तीच्या पदरात टाकले. ज्या गावात लोक वडाखालून संध्याकाळी जायला भीत, त्या गावातल्या माणसाला या अभंगाने किती मोकळे केले असेल!

तरीही मांत्रिक उरला. आजही ‘बाहेरचं लागलंय’ एवढे म्हटले की घर थबकते. तिठ्यावर उतारा टाकला जातो, अंगारा लावला जातो. तेवढ्यावर भागले तर माणसाला फार इजा होत नाही. पण पुष्कळदा तेवढ्यावर भागत नाही, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते. मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात उपचारांसाठी राहिलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. मनाचा आजार कुटुंबातल्या दुसऱ्याच कोणाला, नवऱ्याला किंवा मुलाला असायचा, आणि त्याचे ओझे आपल्यावर घ्यावे म्हणून बाईच्या अंगात येत असे. आपल्या माणसाचे दुखणे आपल्यावर ओढून घेणारी ही बाई हेच भूतदयेचे टोक आहे, आणि तिचे स्वतःचे दुखणे मात्र कोणी विचारत नाही.

या भीतीला कायद्याने हात घातला तो एका खुनानंतर. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भुताची आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, छताला टांगणे हे सारे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना या कायद्याने हात लावलेला नाही.

हा कायदा धर्माविरुद्ध आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या अनुसूचीशेजारी पसायदान ठेवून पाहावे. साखळीने बांधलेली ती सून, धुरीने गुदमरलेला तो पोरगा, गावाने चेटकीण ठरवलेली ती एकटी म्हातारी, ही ज्ञानेश्वरांच्या अर्थाने भूते आहेत. त्यांना सोडवणे हाच आज भूतयज्ञ आहे, आणि तो करायला श्रद्धा सोडावी लागत नाही.

असा प्रकार कोठे दिसला तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. या कायद्याखाली पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. आणि घरातच कोणाचे वागणे एकाएकी बदलले असेल, झोप उडाली असेल, न दिसणारी माणसे दिसत असतील, तर देवऋष्याकडे नेण्याआधी 14416 हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक फिरवावा. तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असतो.